वावेखारचा बांध आणि शिव्यांचे कोष्टक

वावेखारात एकशे अकरा उंबरे होते. बावन्न मुसलमानांचे, अठ्ठावन्न आगऱ्यांचे आणि एक गुरवाचा. मशीद एक, पीराचा दर्गा एक, भैरीचे देऊळ एक. विहिरी सात, त्यांतल्या गोड्या पाण्याच्या तीन. मचवे चार, पैकी एक फुटका. खाडीच्या कडेने मातीचा बांध अठराशे चाळीस हात, आणि त्याच्या मागे भाताचा खार एकशे चार एकर. हे सगळे मी स्वतः मोजले. प्रोफेसर केळशीकरांच्या प्रश्नाला त्यांना हवे ते उत्तर देणारी माणसे मात्र त्यांच्या मते गावात शून्य होती.

हे साल १९३१. मी मुंबईत बी.एस्सी. होऊन नऊ महिने रिकामा बसलो होतो. प्रोफेसर दत्तात्रेय केळशीकर विलायतेहून अर्थशास्त्र शिकून आलेले, मुंबईच्या एका कॉलेजात शिकवणारे. त्यांना असा मदतनीस हवा होता, की ज्याला मोजता येते आणि मत देता येत नाही. पहिली अट मी पुरी केली. दुसरी पुरी करीन असे त्यांनी गृहीत धरले.

त्यांच्या ग्रंथाचे नाव आधीच ठरलेले होते, ‘धर्म, संस्था आणि संपत्ती’. सिद्धांतही ठरलेला होता. धर्म म्हणजे माणसाने स्वतःवर बसवलेला कर, आणि देवस्थाने म्हणजे त्या कराच्या वसुलीच्या कचेऱ्या. कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावर हा कर किती बसतो, एवढेच मोजायचे उरले होते. त्यासाठी आम्ही चौलपासून खाली गावोगाव नारळ मोजत आलो होतो. देवाला किती, पीराला किती, गुरवाने किती घरी नेले, मुजावराने किती.

वावेखारात मात्र प्रोफेसरसाहेबांना घबाड सापडले.

इथला खार आडव्या बांधाने दोन भागांत तोडलेला. उत्तरेची शेते मुसलमानांची, दक्षिणेची आगऱ्यांची. दर चैत्रात, पेरणीच्या आधी, खाडीचा बांध भरून घ्यावा लागे, कारण बांधाला खांड गेली, म्हणजे उधाणात तो फुटून खारे पाणी आत आले, की त्या जमिनीत तीन वर्षे भात होत नसे. इथवर सगळे किनाऱ्यावरच्या इतर गावांसारखेच. चमत्कारिक गोष्ट पुढची. उत्तरेचा बांध आगरी भरत आणि दक्षिणेचा मुसलमान. स्वतःच्या शेतासमोरच्या बांधाला हात लावायचा नाही, अशी पीराची आणि भैरीची आण होती. सगळा गाव भल्या सकाळी कुदळी आणि पाट्या घेऊन एकमेकांना ओलांडून उलट टोकाला जाई.

“असं का करता?” प्रोफेसरसाहेबांनी मुजावराला विचारले.

“पीरसाहेबांचा हुकूम. एकदा भैरी आणि पीरसाहेब यांची पैज लागली...”

गुरवाला विचारले तर पैज तीच होती, जिंकणारा वेगळा.

“आणि तुम्हांला काय वाटतं?” हा प्रश्न त्यांनी बाबाजी आगऱ्याला केला. तो दक्षिणेचा म्होरक्या, पंचांपैकी एक.

“वाटायचं काय त्यात? आज्यानं केला, बापानं केला, आमी करतो. न्हाय केला तं गाव काय म्हनंल?”

प्रोफेसरसाहेबांनी समाधानाने पेन्सिलीला टोक केले.

पण मी तिथे आणखी एक गोष्ट पाहिली, जी त्यांनी पाहूनही ऐकली नाही. ज्याच्या शेतासमोर काम चाललेले असे, तो शेतमालक, बाई असली तरी, दिवसभर बांधावर उभा राही. भरलेल्या मातीवर उड्या मारी. माती खचली की काम करणाऱ्याला वाटेल ते बोले. त्या दिवशी त्याला ती मुभा होती. ऐकणाऱ्याने उलट बोलायचे नाही, माती उपसून पुन्हा भरायची. सूर्य मावळला की कोणी कोणाला काय म्हटले त्याचा उच्चार करायचा नाही.

उत्तरेच्या अगदी टोकाला, जिथे खाडी वळते, तिथे फिरोजाबींचे अडीच एकर होते. टोकाचे शेत, म्हणून त्याला इतर तिन्ही बाजूंनी छातीएवढे आडबांध होते. भय फक्त खाडीकडच्या साठ हातांचे. फिरोजाबी विधवा होत्या, दोन मुली होत्या, आणि त्या अडीच एकरांखेरीज चुलीवर चढवायला दुसरे काही नव्हते. वय चाळिशीचे, आवाज मचव्यावरच्या तांडेलाचा.

“अरे सदा, ही माती भरलीस की सासूबाईचं बोळकं?” त्या साठ हातांवर उड्या मारीत विचारत होत्या. “यावर बेडूक बसला तरी खाली जाईल! तुझ्या बायकोची भाकरी याच्यापेक्षा घट्ट असते, तीच आणून बसव इथं!”

सदा आगरी मान खाली घालून माती उपसत होता. शेजारचे हसत होते. थोड्या वेळाने त्यांच्याही वाट्याला आले, आणि सदा हसू लागला.

शास्त्राच्या विद्यार्थ्याला मोजण्यासारखे दिसले की राहवत नाही. मी लोहाराकडून एक लोखंडी सळी करून घेतली. दर दहा हातांवर सगळा भार देऊन ती बांधात खुपसायची आणि किती बोटे गेली ते लिहायचे. शेजारच्या रकान्यात त्या दहा हातांत मालकाने दिलेल्या शिव्या. चार दिवसांत कोष्टक तयार झाले. जिथे वीसच्या वर शिव्या पडल्या, तिथे सळी दोन बोटे गेली. पाच ते दहा शिव्यांना चार बोटे. गुरवाचे एक शेत होते दक्षिणेला. गुरव देवाचा माणूस, तो दिवसभर नुसते “अरे देवा, देवा” म्हणत उभा होता. तिथे सळी सात बोटे गेली.

मी कोष्टक प्रोफेसरसाहेबांपुढे ठेवले. त्यांनी ते दोनदा वाचले.

“हे काय आहे?”

“शिव्या आणि बांधाचा घट्टपणा यांचा संबंध, साहेब. सम प्रमाण येतंय.”

“शिवी ही संस्था नव्हे.”

“मग काय?”

“शिवी हा स्वभाव. ग्रंथात नको. तळटीपेतही नको.” त्यांनी कागद घडी करून मला परत दिला. “तुम्ही नारळ मोजा.”

मी नारळ मोजले. त्या वर्षी देवाला बावीस आणि पीराला बावीस वाढवले गेले.

जाण्यापूर्वी प्रोफेसरसाहेबांनी पंचांना भैरीच्या पारावर जमवले. त्यांचे म्हणणे सोपे होते. माणूस स्वतःच्या मालमत्तेची काळजी दुसऱ्याच्या मालमत्तेपेक्षा अधिक घेतो, हे अर्थशास्त्राने सिद्ध केले आहे. मग आपले शेत सोडून दुसऱ्याचा बांध भरायला अर्धा कोस जाणे म्हणजे श्रमाचा नाश. हा नाश पीराच्या आणि भैरीच्या नावाने चालतो. येत्या वर्षापासून ज्याचे शेत त्याचा बांध. एक वर्ष करून बघा. उत्तरेचे मुसलमान उत्तरेला, दक्षिणेचे आगरी दक्षिणेला.

मला वाटले होते पंच अंगावर येतील. आण मोडायची होती.

पण उत्तरेचे म्होरके मोहम्मदभाई, फिरोजाबींचे थोरले दीर, मिश्या पुसत म्हणाले, “साहेब शिकलेले आहेत. पीरसाहेबांना काय, नारळ पोचला म्हणजे झालं.”

बाबाजीने मान डोलावली. “भैरीचंबी तसंच हाय.”

दीडशे वर्षांची आण पान खाऊन होईपर्यंत मोडली. प्रोफेसरसाहेब परतताना मला म्हणाले, “पाहिलंत? विवेकाची हाक आली की खेडूतही ओ देतो.” मला वेगळे दिसले होते. गेल्या चार दिवसांत मोहम्मदभाईंना दक्षिणेच्या बांधावर बाबाजीच्या सुनेने, काशीने, सगळ्या गावादेखत ‘पालथा कासव’ म्हटले होते, आणि बाबाजीला उत्तरेत फिरोजाबींनी जे म्हटले होते ते मी कोष्टकातही नुसता आकडा म्हणून लिहिले होते. दोघांना पुढच्या वर्षी ते ऐकायचे नव्हते.

१९३२च्या चैत्रात आम्ही पुन्हा गेलो. प्रोफेसरसाहेबांना विवेकाचा विजय डोळ्यांनी पाहायचा होता.

बांधावर इतकी शांतता होती की खाडीतले खेकडे चालताना ऐकू येत होते. उत्तरेला मोहम्मदभाई चटई टाकून बसले होते, सरबताचा घडा शेजारी. त्यांनी बांधाचे तुकडे घरातल्या घरात वाटले होते. वडिलांच्या बाजूचे, आईच्या बाजूचे, मग जावई. टोकाचे साठ हात, खाडीच्या वळणावरचे, शेवटी उरले ते त्यांच्या जावयाला, रफिकला मिळाले.

रफिक मुंबईत एका गोदीत कारकून होता. इस्त्रीचा पायजमा वर खोचून त्याने पाटीत माती घेतली, ती टाकली, पायाने सारखी केली आणि हात धुतले. माती धरून ठेवणारा आतला जुना पेंढा काढला नाही, नवा घातला नाही, तुडवले नाही.

जावयाला कोण बोलणार?

फिरोजाबी शेतात पदर दातांत धरून उभ्या होत्या. थोरल्या दिरासमोर त्यांनी लग्नापासून आवाज काढला नव्हता. परके बांध भरत तेव्हा त्या आवाजाला गाव भीत असे, आणि आता घरचीच माणसे भरत होती म्हणून तो आवाज बंद.

मी सळी खुपसली. अकरा बोटे गेली.

“किती?” त्यांनी हळूच विचारले.

“अकरा.”

त्यांनी मोहम्मदभाईंकडे पाहिले. मोहम्मदभाई चटईवरून म्हणाले, “काळजी करू नकोस गं फिरोजा. पाणी आलंच, तर शेत मी सांभाळायला घेईन. तुला एकटीला नाहीतरी झेपत नाहीच.” मग माझ्याकडे वळून, “अडीच एकर चांगली जमीन आहे, मास्तर. अल्ला खैर करो.”

दुपारी मी दक्षिणेला काशीची मुलाखत घेत होतो. प्रश्न तेविसावा असा होता, ‘धार्मिक कृत्यांमुळे वर्षात किती दिवस काम बुडते?’ काशी मासळी साफ करीत होती आणि माझ्याकडे दयेने बघत होती. इतक्यात फिरोजाबी कुंपणाच्या बाहेर येऊन उभ्या राहिल्या.

“काशे, तुझं शेत कोणी भरलं?”

“माज्या सासऱ्याच्या व्याह्यानं, नणंदेच्या सासऱ्यानं.” काशीचे शेत दक्षिणेच्या टोकाला होते, तसेच आडबांधांनी बांधलेले, खाडीकडचे पंचेचाळीस हात उघडे. “बाबाजी मामंजी तंबाकू मळत बसलं हुतं नि व्याही पावन्यावानी माती टाकीत हुता. मी कशी बोलू? मामंजी म्होरं हायेत.”

“तू येतेस माझ्याकडं?”

“कशाला?”

“रफिकला बोलायला. तुला तो कोण लागतो?”

काशीचा विळीवरचा हात थांबला. तिने आधी फिरोजाबींकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“न्हाय लागत कोनी.” ती हसली. “नि व्याह्याला?”

“त्या व्याह्याला मी बघते. त्याचं नाव काय?”

“कान्हा. पोट पुढं हाय त्याचं.”

“पोट पुढं आहे ना? मग झालं,” फिरोजाबी म्हणाल्या.

तेविसाव्या प्रश्नाचे उत्तर कोरेच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काशी उत्तरेच्या टोकाला आली, साडी खोचून. तिने रफिकच्या बांधावर एक उडी मारली. डावा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला.

“ओ मुंबईवाले!” सगळ्या खाराला ऐकू जाईल असे ती ओरडली. “हा बांद हाय का नवऱ्या मुलीची गादी? गोदीत काय उचलता, पिसं? सासऱ्यानं सरबत पाजलं म्हनून मातीबी गोड लागली व्हय?”

रफिक उठला, लाल झाला, सासऱ्याकडे बघू लागला. मोहम्मदभाई उठू लागले, पण उत्तरेच्या बांधावरचे सगळे, त्यांचे सख्खे चुलतभाऊसुद्धा, हसत होते. वर्षभराची हौस होती. कोणीतरी ओरडले, “रफिकमियाँ, पेंढा घाला, पेंढा!” काशी आणखी एक उडी मारायला सरकली, तेव्हा रफिकने कुदळ उचलली.

दुपारनंतर तीच गोष्ट दक्षिणेला झाली. फिरोजाबींनी कान्हाच्या पोटापासून सुरुवात केली आणि ते पोट भरायला लागलेल्या भाताच्या हिशेबावर येईपर्यंत कान्हाने पंचेचाळीस हात उपसून दोनदा तुडवले. बाबाजी तंबाखू थुंकायला विसरला.

मी त्या एकशे पाच हातांवर सळी खुपसली. दोन बोटे. कुठे अडीच.

मला वाटले, आता बाकीचेही एकमेकांच्या बायका बोलावतील. पण संध्याकाळी मोहम्मदभाई आणि बाबाजी, जे वर्षभर एका चटईवर बसले नव्हते, एकत्र प्रोफेसरसाहेबांकडे आले.

“साहेब, हे काय चाललंय? हिंदूंची बाई आमच्या जावयाला शिव्या देते.”

“नि मुसलमानांची बाय आमच्या व्याह्याला. इज्जत ऱ्हायली का?”

प्रोफेसरसाहेब ताठ बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि एक बोट वर केले, म्हणजे लिहून घ्या. मग त्यांना म्हणाले, “अगदी बरोबर. हाच प्रश्न आहे. संस्था सुधारली तरी द्वेष राहतो.”

“द्वेष?” मी म्हणालो. “साहेब, त्या दोघींनी आपसांत ठरवून...”

“तुम्ही भौतिकशास्त्राचे. तुम्हांला माती दिसते, समाज दिसत नाही.”

पंचांनी त्या रात्रीच ठराव केला, की पलीकडच्या बाजूच्या माणसाने, विशेषतः बाईने, अलीकडच्या बांधावर पाय ठेवू नये. ठराव एकमताने झाला. वावेखारच्या हिंदू-मुसलमान पंचांचा एवढा एकमताचा ठराव मी दुसरा पाहिला नाही. प्रोफेसरसाहेबांनी तो ‘शांततेचा करार’ म्हणून प्रकरण सातमध्ये घेतला.

सकाळी फिरोजाबी मला बांधावर भेटल्या. रफिकने भरलेली माती पायाने दाबून बघत होत्या.

“माझे साठ झाले. काशीचे पंचेचाळीस झाले. बाकीच्यांचं काय, मास्तर?”

“बाकी सतराशे पस्तीस हात राहिलेत.”

“तेवढ्यासाठी दुसऱ्या बायका नाही येणार आता. बंदी केली.” त्यांनी खाडीकडे पाहिले. “माझं शेत राहील का, एवढं सांगा. तुमच्या त्या सळीला विचारून सांगा.”

मी सांगितले की सळीला बांधातले आजचे कळते, उधाणातले नाही.

“मग तुमचं शास्त्र आणि आमचा गुरव यांत फरक काय?” त्या म्हणाल्या आणि घरी गेल्या.

उरलेले काम दोन्ही बाजूंनी फार सभ्यतेने झाले. चुलत्याने पुतण्याला ‘वा’ म्हटले, पुतण्याने चुलत्याला. मोहम्मदभाईंनी सगळ्यांना सरबत पाजले. मी बांधावर सतराशे पस्तीस हात सळी खुपसत गेलो. कमीत कमी पाच बोटे, जास्तीत जास्त तेरा. आकडे प्रोफेसरसाहेबांना दिले. त्यांनी समासात ‘मातीच्या जातीमुळे’ असे लिहिले. माती सगळीकडे एकाच जागेहून काढलेली होती. तसे सांगितले तर म्हणाले, “मग हवामानामुळे.”

ग्रंथ ज्येष्ठात छापखान्यात गेला. प्रकरण आठचा शेवट असा होता, ‘वावेखारच्या प्रयोगाने दिसून येते की मालकी व्यक्तीला जबाबदार करते. राहिलेली त्रुटी धर्मभेदजन्य कटुतेची आहे.’ प्रोफेसरसाहेब आषाढात पुण्याला व्याख्यानाला गेले. विषय, ‘ग्रामसंस्थांची पुनर्रचना’. मी आषाढ अमावास्येच्या उधाणाला वावेखारात राहायला गेलो. ते माझ्या नोकरीत नव्हते. एक काटा मी रेवदंड्याच्या सोनाराकडून उसना घेतला होता.

लावणी होऊन बारा दिवस झाले होते. भरती दुपारची होती. पाणी बांधाच्या डोक्याला लागले तेव्हा गावातली सगळी माणसे उंचवट्यावर येऊन उभी होती. मोहम्मदभाई, रफिक, बाबाजी, कान्हा, गुरव, मुजावर. या वेळी कोणी कोणाला ‘वा’ म्हणत नव्हते. फिरोजाबी दोन मुलींना घेऊन आपल्या आडबांधावर बसल्या होत्या, आणि काशी दक्षिणेच्या टोकाला आपल्या आडबांधावर. मधे अर्ध्या कोसाचा खार होता.

पहिली खांड उत्तरेला गेली, मोहम्मदभाईंच्या शेतासमोर. आवाज फार मोठा झाला नाही. बांध थोडा वाकला, जणू बसतोय, आणि मग तिथे बांध नव्हता. हिरवी लावणी एका दमात आडवी पडली आणि पाण्याखाली गेली. थोड्या वेळाने दक्षिणेची खांड गेली, बाबाजीच्या शेतासमोर.

“मास्तर,” मोहम्मदभाई माझ्या शेजारी उभे राहून म्हणाले, “तुमच्या साहेबांना सांगा, आमची नियत चांगली होती.”

मी सांगतो म्हटले. बाबाजी खाली बसला होता.

ओहोटी झाली तेव्हा मी होडीतून सगळा बांध पाहून आलो. मग पाच शेतांतले शेर-शेरभर पाणी काशीच्या चुलीवर पितळेच्या पातेल्यात आटवले, आणि तळाला उरलेले मीठ सोनाराच्या काट्यावर तोलले.

उत्तरेच्या खांडीची रुंदी एकतीस हात, दक्षिणेच्या चोवीस. टोकाच्या साठ हातांत सळी तीन बोटे गेली, पंचेचाळीस हातांत अडीच. मोहम्मदभाईंच्या शेतातल्या पाण्याचे मीठ एक तोळा आठ मासे. बाबाजीच्या शेतातले एक तोळा सहा मासे. गुरवाच्या शेतातले एक तोळा सात मासे. काशीच्या शेतातले दोन गुंजा, म्हणजे पाव मासा. फिरोजाबींच्या शेतातले दीड गुंज.